बेसमेंटमधला रेडॉन: काँट्रॅक्टर निवडण्यापासून शेवटच्या टेस्टपर्यंत

रेडॉन म्हणजे मातीतून घरात शिरणारा, फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकणारा किरणोत्सारी वायू. अमेरिकेत त्याचा रिपोर्ट हातात पडतो तो बहुधा घर घेण्याच्या गडबडीतच. इन्स्पेक्शनवाल्याने बेसमेंटमध्ये दोन दिवस ठेवलेलं मशीन ६.८ म्हणजे दुरुस्ती लागेल इतका आकडा दाखवतं, रिअल्टर तीन काँट्रॅक्टरांचे नंबर पाठवतो, आणि त्यातले दोघे घर न बघताच फोनवर भाव सांगून मोकळे होतात. त्या दोघांना तिथेच वगळलं तरी चालेल. रेडॉनच्या कामात पाईप आणि पंखा सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो स्लॅबला, म्हणजे बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीला, भोक कुठे पाडलं, स्लॅबखाली खडी आहे की चिकणमाती, आणि हवा चोरून घेणाऱ्या फटी किती नीट बुजवल्या, यात. हे फोनवर कळत नाही.

आधी यंत्रणा काय करते ते पाहू, म्हणजे काँट्रॅक्टरशी बोलताना गोंधळ होणार नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम तयार होतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याचं अर्धायुष्य (निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा वेळ) ३.८ दिवस, म्हणजे मातीतून घरात शिरायला भरपूर वेळ. थंडीत घरातली गरम हवा वर जाऊन ॲटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, निसटते. तिची जागा भरायला बेसमेंट मातीतली हवा ओढून घेतं. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यातली बारीक फट, संप पंपाचा (जमिनीखाली साठणारं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) खड्डा, पाईप जिथून आत येतात ती भोकं, या सगळ्या वाटांनी. उपाय म्हणजे ही ओढ उलटी करणं: स्लॅबखाली पाईप घालून पंख्याने इतकी हवा ओढायची की खालचा दाब बेसमेंटपेक्षा कमी राहील. मग फटीतून हवा वर येण्याऐवजी खाली जाते, आणि मातीतली हवा पाईपने थेट छपरावर. हा दाबाचा फरक जितक्या मोठ्या भागात टिकतो तितकं काम यशस्वी.

रेडॉन हा शब्द पुण्या-नाशिकहून आलेल्या आईबाबांनी ऐकलेला नसतो, त्यात नवल नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, घराखाली बेसमेंट नाही आणि खिडक्या बाराही महिने उघड्या. पण हेच आईबाबा इथे येऊन सहा-सहा महिने बेसमेंटमधल्या गेस्टरूममध्ये झोपतात. घरून काम करणाऱ्यांचं ऑफिसही बहुधा तिथेच. ‘बेसमेंट आम्ही वापरत नाही’ असं म्हणण्याआधी हे आठवून पाहावं.

आधी आकडा पक्का करा

अमेरिकेत मोजमाप पिकोक्युरी (किरणोत्साराचं एकक) प्रति लिटरमध्ये होतं. कॅनडा आणि युरोपात बेकरेल प्रति घनमीटर चालतं; त्याला ३७ ने भागलं की पिकोक्युरी येतात. ईपीए ही सरकारी संस्था ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर दुरुस्ती करा म्हणते आणि २ ते ४ च्या मध्ये असेल तर विचार करा म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची पातळी त्याहून कडक आहे: १०० बेकरेल, म्हणजे २.७. अमेरिकेतल्या घरांची सरासरी १.३ आहे आणि बाहेरच्या हवेत सुमारे ०.४. ईपीएच्या अंदाजाने रेडॉनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने देशात वर्षाला सुमारे २१,००० माणसं दगावतात, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये त्या कर्करोगाचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण मानलं जातं. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी कितीतरी वाढतो.

शॉर्ट टर्म टेस्ट किमान ४८ तासांची असते. ती चार दिवसांपेक्षा कमी असेल तर सुरू होण्याच्या १२ तास आधीपासून संपेपर्यंत सगळ्या मजल्यांच्या खिडक्या बंद हव्यात. बाहेरची हवा आत आणणारे पंखे बंद, आणि दार फक्त येण्याजाण्यापुरतं उघडायचं. हीटिंग किंवा एसी नेहमीसारखा चालू. डबी किंवा मशीन वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान २० इंच वर, बाहेरच्या दार-खिडकीपासून ३ फूट लांब ठेवायचं. स्वयंपाकघर, बाथरूम, लॉन्ड्री आणि संपचा खड्डा टाळायचा. पावसाळी वादळ किंवा जोराचा वारा असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी, कारण अशा हवेत आकडा वर किंवा खाली उडी मारतो.

पहिला आकडा ४ ते ८ मध्ये असेल आणि घर विकत घेण्याची घाई नसेल, तर ९० दिवसांहून जास्तीची लाँग टर्म टेस्ट करा. वर्षभराच्या सरासरीच्या ती जवळ जाते. ८ च्या वर असेल तर वाट पाहू नका. लगेच दुसरी शॉर्ट टर्म टेस्ट करा आणि दोन्हींची सरासरी ४ किंवा जास्त आली तर काँट्रॅक्टर शोधायला लागा. शेजाऱ्याच्या घरात १.२ निघाला म्हणून तुमच्याकडेही तेवढाच असेल असं नाही. एकाच रस्त्यावर, एकाच बिल्डरच्या दोन घरांत दसपट फरक सापडू शकतो.

पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्ककडे जाणारा ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांचा पट्टा, रीडिंग प्राँग, रेडॉनसाठी कुप्रसिद्ध आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये स्टॅनली वॉट्रस हा इंजिनिअर पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला शिरताना गजर वाजवायचा. केंद्र तेव्हा सुरूही झालं नव्हतं. किरणोत्सार घरून येत होता. बॉयरटाउनजवळच्या त्याच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाले. अमेरिकेत घरोघरी रेडॉन मोजण्याची सुरुवात तिथून झाली.

कुणाला बोलवायचं

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा राज्यांत रेडॉन दुरुस्तीचं काम करायला राज्याचं सर्टिफिकेट किंवा लायसन्स लागतं. यादी राज्याच्या वेबसाइटवर असते; न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात ती पर्यावरण खात्याकडे मिळते. यादीत कंपनीचं नाव सापडलं म्हणून थांबू नका, घरी येणाऱ्या माणसाचंही सर्टिफिकेट बघा. न्यू जर्सीत यंत्रणेचं डिझाइन करणारा स्पेशालिस्ट आणि हाताखाली काम करणारा टेक्निशियन यांची सर्टिफिकेटं वेगळी असतात. ज्या राज्यात लायसन्सचा कायदा नाही तिथे एनआरपीपी किंवा एनआरएसबी या दोन राष्ट्रीय संस्थांपैकी एकीचं सर्टिफिकेट मागा.

टेस्ट करणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा असलेला चांगला. स्वतः मोजायचं, स्वतः दुरुस्त करायचं आणि स्वतःच पास करायचं, यात बिघडलेलं दाखवण्यात कुणाचाच फायदा नसतो. तिघांकडून कोटेशन घ्या, आणि तिघांनाही घरी बोलवून.

घर अजून विक्रेत्याच्या ताब्यात असेल तर एक प्रश्न उभा राहतो: दुरुस्ती त्याने करून द्यायची की किमतीतून पैसे कमी करून घ्यायचे? बहुतेक वेळा पैसे घेऊन ताबा मिळाल्यावर स्वतः काम करवलेलं बरं. विक्रेत्याला स्वस्तात आणि लवकर आटपायचं असतं. पाईप कुठून जातो आणि पंखा कुठल्या बेडरूमच्या खिडकीपाशी गुणगुणतो, याचं त्याला काहीच पडलेलं नसतं. फक्त पैसे कमी करण्याआधी कोटेशन हातात हवं, कारण अवघड घराला दुप्पट खर्च येऊ शकतो. न्यू जर्सीत विक्रेत्याने आधी रेडॉन टेस्ट केली असेल तर करार करताना तिचा रिपोर्ट आणि दुरुस्तीचे कागद खरेदीदाराला द्यावे लागतात. ते मागून घ्या.

काँट्रॅक्टर घर बघायला येतो तेव्हा

खरी परीक्षा इथे होते. कामाचा माणूस बेसमेंटमध्ये शिरल्यावर पंख्याबद्दल बोलत नाही, आधी प्रश्न विचारतो. घर किती साली बांधलं? मागची सनरूम किंवा किचनचं एक्स्टेंशन नंतर जोडलंय का? स्लॅबच्या कडेने फ्रेंच ड्रेन (पाणी वाहून नेणारी खडीची चारी) आहे का? पावसात संपमध्ये पाणी येतं का? वॉटर हीटर गॅसचा आहे का?

यातला प्रत्येक प्रश्न दाबाशी जोडलेला असतो. गेल्या तीसएक वर्षांतल्या बऱ्याच घरांत स्लॅबखाली चार इंच खडी असते. तिच्यातून हवा सहज खेळते आणि एका भोकाने सगळा स्लॅब आवाक्यात येतो. जुन्या घरात स्लॅब थेट चिकणमातीवर किंवा बारीक वाळूवर असतो. तिथे पंख्याची ओढ भोकापासून काही फुटांवरच विरून जाते, म्हणून दोन-तीन भोकं आणि जास्त ओढीचा पंखा लागतो. नंतर जोडलेल्या खोलीला स्वतःचा वेगळा पाया असतो. त्या पायाची भिंत हवेची वाट अडवते, आणि मुख्य बेसमेंट २ वर आलं तरी त्या खोलीखालची माती तशीच राहते.

हे सगळं अंदाजाने ठरवायचं नसतं, मोजायचं असतं. पद्धत साधी आहे आणि तिला फार तर तासभर लागतो. जिथे मुख्य पाईप घालायचा विचार आहे तिथे स्लॅबला एक-सव्वा इंचाचं भोक पाडतात आणि त्याला शॉप व्हॅक (मोठा व्हॅक्यूम क्लीनर) लावतात. मग स्लॅबच्या दूरच्या कोपऱ्यांत पेन्सिलएवढी तीन-चार भोकं पाडून एकेकावर धुराची कांडी धरतात. व्हॅक चालू केल्यावर उदबत्तीसारखी वर जाणारी धुराची रेघ वाकून भोकात शिरली, तर ओढ तिथवर पोचते. धूर सरळ वरच गेला तर पोचत नाही. तिथे दुसरं भोक लागणार किंवा मधे पाया आहे. काही जण धुराऐवजी डिजिटल मायक्रोमॅनोमीटर लावून पास्कलमध्ये दाबाचा फरक मोजतात. ते आणखी चांगलं, कारण आकडे कागदावर येतात. शेवटी छोटी भोकं सिमेंटने बुजवतात.

सगळ्याच घरांत ही चाचणी कोटेशनच्या आधी फुकटात होणार नाही. खडी असलेल्या नव्या घरात अनुभवी माणूस ती वगळेलही. पण घर जुनं असेल, एक्स्टेंशन असेल किंवा आकडा १५-२० च्या वर असेल, तर चाचणीचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी करून घ्या. एक पंखा लावून ‘बघू काय होतं ते’ म्हणणाऱ्याला नंतर पुन्हा बोलवावं लागतं, आणि तेव्हाचं प्रत्येक भोक जादा बिलात येतं.

भोक पाडण्याआधी स्लॅबमध्ये काय आहे तेही विचारायला हवं. स्लॅबमध्ये गरम पाण्याच्या नळ्या असतील तर त्या कुठून जातात ते आधी शोधायचं. काही घरांचा स्लॅब ताणलेल्या पोलादी केबलींवर उभा असतो. ती केबल कापली गेली तर प्रकरण रेडॉनपेक्षा महागात जातं. १९८० च्या आधीच्या घरात जमिनीवर ९ इंची चौकोनी टाइल्स दिसल्या तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्या तपासल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

बेसमेंट फिनिश्ड असेल, म्हणजे कार्पेट, ड्रायवॉल, होम थिएटर आणि कोपऱ्यात देवघर, तर भोक युटिलिटी रूममध्ये, जिन्याखाली किंवा कपाटात घालता येतं. कार्पेटखालचे सांधे मात्र बुजवता येत नाहीत, आणि तेवढी हवा पंखा फुकट ओढत राहतो. बेसमेंट अजून कच्चं असेल आणि पुढच्या वर्षी फिनिश करायचा बेत असेल, तर रेडॉनचं काम आधी उरका.

पाईप कुठून न्यायचा

दोन मुख्य रस्ते असतात. पहिला घराच्या बाहेरून: बेसमेंटच्या भिंतीतून पाईप बाहेर, तिथे पंखा, आणि पुढे छपराच्या कडेवर जाईपर्यंत भिंतीला धरून वर. हा स्वस्त पडतो. पण मिनेसोटा-शिकागोच्या थंडीत बाहेरच्या पाईपमध्ये मातीतला दमटपणा गोठतो आणि पाईप बर्फाने अर्धा भरू शकतो. दुसरा रस्ता आतून: बेसमेंटमधून गॅरेजमध्ये, गॅरेजच्या कोपऱ्यातून वर तिच्या ॲटिकमध्ये, तिथे पंखा आणि छपरातून बाहेर. थोडे पैसे जास्त जातील, पण पाईप समोरून दिसत नाही, गोठत नाही आणि पंखा पावसात राहत नाही. शक्य असेल तिथे हाच मागा. गॅरेजच्या आगरोधक भिंतीतून किंवा छतातून पाईप जातो तिथे फायर कॉलर लागते. आग लागली तर ती फुगून भोक बंद करते. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नसेल तर विचारा.

पंखा बेसमेंटमध्ये किंवा राहत्या खोलीखाली कधीही नको. पंख्याच्या आधीचा पाईप आत ओढणारा असतो, म्हणून तो गळला तर घरची हवा आत जाते, इतकंच. पंख्यानंतरच्या पाईपमध्ये दाब बाहेरच्या दिशेने असतो. तो गळला तर मातीतला साठलेला रेडॉन थेट खोलीत फेकला जातो. म्हणून पंखा गॅरेजमध्ये, तेही वर राहती खोली नसेल तरच, ॲटिकमध्ये किंवा बाहेर.

पाईपचं तोंड जमिनीपासून किमान १० फूट वर आणि छपराच्या कडेच्या वर हवं. १० फुटांच्या आत दार किंवा खिडकी असेल तर तोंड तिच्या निदान २ फूट वर असावं. डेकच्या कठड्यापाशी पाईप संपवून ‘हवेत उडून जातं’ म्हणणारे भेटतात. त्यांचं कोटेशन तिथेच परत करा. वर पावसाची टोपीही नको. ती हवा खाली ढकलते आणि थंडीत तिच्यावर बर्फ साठतो. आत पडणारं थोडं पाणी पाईपमधून उतरून खडीत मुरतं.

कोटेशन वाचताना

एका भोकाच्या साध्या कामाला साधारण १,००० ते २,५०० डॉलर पडतात. जास्त भोकं, क्रॉल स्पेस (घराखालची रांगत जाण्याइतकी बुटकी मोकळी जागा) किंवा अवघड पाईप असेल तर त्याहून जास्त. बेरजेपेक्षा ओळी महत्त्वाच्या. यातलं काय लिहिलंय आणि काय नाही ते तिन्ही कोटेशनांत ताडून बघा:

- भोकं किती आणि कुठे, आणि प्रत्येक भोकाखाली निदान ५ ते १० गॅलन माती-खडी काढून पोकळी करणार का. नुसतं भोक पाडून पाईप घुसवला तर ओढ कमी पडू शकते.
- पाईप शेड्युल ४० चा पीव्हीसी, ३ की ४ इंची. सांधे प्रायमर लावून सोल्व्हेंट सिमेंटने जोडलेले. आडव्या भागाला दर ६ फुटांना आणि उभ्या भागाला दर ८ फुटांना आधार.
- पंख्याचं मॉडेल, वॅट आणि वॉरंटी. ५ वर्षांची वॉरंटी बऱ्याच पंख्यांना असते.
- संपच्या खड्ड्याला हवाबंद झाकण, पंपाच्या पाईप-वायरभोवती रबरी ग्रोमेट, आणि आतलं दिसेल अशी पारदर्शक खिडकी. झाकण असं हवं की पंप बदलताना काढता येईल.
- स्लॅब-भिंतीचा सांधा, भेगा आणि पाईपांच्या कडा पॉलियुरेथेन सीलंटने बुजवणं. फट रुंद असेल तर आधी फोमची दोरी.
- वायरिंग लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन करणार का, आणि टाउनशिपचं परमिट लागत असेल तर ते कोण काढणार.
- मॅनोमीटर (पाईपमधली ओढ दाखवणारी नळी), पंख्याजवळ बंद करायचा स्विच, आणि पॅनेलमधल्या ब्रेकरवर व पाईपवर लेबलं.
- नंतरची टेस्ट, आणि आकडा खाली आला नाही तर काय.

शेवटच्या ओळीवर अडून बसा. बरेच काँट्रॅक्टर ‘४ च्या खाली’ची हमी देतात. बहुतेक घरांत चांगल्या कामाने २ च्या खाली जाता येतं, म्हणून २ लिहून मागा. खडी असलेल्या घराला ते नाही म्हणत असतील तर कारण विचारा. हमी म्हणजे आकडा वर आला तर जादा भोक किंवा मोठा पंखा विनामूल्य, हेही शब्दांत लिहून घ्या. ‘मेहनत फुकट, सामान तुमचं’ अशी हमी काहीच कामाची नाही.

‘फक्त भेगा बुजवून देतो’ म्हणणारा असेल तर नमस्कार करा. नुसत्या सीलिंगने रेडॉन भरवशाने कमी होत नाही, हे ईपीएने स्पष्ट सांगितलेलं आहे. एक भेग बुजवली तर हवा दुसरी शोधते. एअर प्युरिफायरही यावरचा उपाय नाही. वायू त्यात अडकत नाही. ग्रॅनाइटच्या काउंटरटॉपवर संशय घेऊन किचन फोडायच्या विचारात असाल तर थांबा. काउंटरटॉपचा वाटा जवळजवळ नेहमीच नगण्य असतो, मोठा वाटा घराखालच्या मातीचा.

कामाच्या दिवशी

साधं काम अर्ध्या ते एका दिवसात होतं. कोअर ड्रिलने काँक्रीट कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते, म्हणून व्हॅक्यूम लावूनच कापू द्या आणि त्या वेळी बेसमेंटच्या हीटिंगचा पंखा बंद ठेवा. नाहीतर धूळ डक्टमधून वरच्या बेडरूमपर्यंत पोचते. बेसमेंटमधलं सामान आदल्या रात्रीच हलवा आणि भिंतीच्या कडेने दोन-तीन फूट जागा मोकळी करा. सीलिंग त्या कडेलाच होतं.

आडव्या पाईपचा उतार बघा. पाईप स्लॅबमधल्या भोकाकडे उतरत जायला हवा, फुटाला निदान अष्टमांश इंच. ढिला आधार असेल तर पाईपला मधे झोळ पडतो, मातीतल्या हवेचं पाणी त्यात साठतं, आणि आठ दिवसांनी रात्री ‘गुडूप-गुडूप’ आवाज सुरू होतो. तेच पाणी हवेची वाट अडवतं. पंखा पाईपला रबरी कपलिंगने जोडलेला हवा, गोंदाने नाही. कपलिंगने थरथर भिंतीत उतरत नाही आणि पंखा बदलायला करवत लागत नाही.

एसी किंवा डीह्युमिडिफायरचं पाणी संपमध्ये सोडलेलं असेल तर झाकण बसवताना त्या नळीला ट्रॅप (पाणी साठवून हवा अडवणारा वाक) घालावा लागतो. जमिनीतल्या ड्रेनचंही तसंच: पाणी आत जाईल पण हवा वर येणार नाही असा बंदोबस्त हवा. या दोन गोष्टी घाईत नेहमी राहून जातात.

काम संपल्यावर काँट्रॅक्टर निघण्याआधी बॅकड्राफ्ट चाचणी करायला लावा. पंखा बेसमेंटमधलीही थोडी हवा ओढतो, आणि बेसमेंटचा दाब फार खाली गेला तर गॅसच्या वॉटर हीटरचा धूर चिमणीत जाण्याऐवजी खोलीत परततो. बाथरूमचे आणि किचनचे एक्झॉस्ट, ड्रायर, सगळं एकदम चालू करायचं, वॉटर हीटर पेटवायचा आणि त्याच्या हुडपाशी धूर धरायचा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर यंत्रणा तशीच सोडून जाऊ देऊ नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू रेडॉनसारखा वर्षानुवर्षं थांबत नाही. सीओ अलार्म नसेल तर त्याच दिवशी लावा.

मॅनोमीटर आणि नंतरची टेस्ट

पाईपवर इंग्रजी यू अक्षरासारखी रंगीत द्रवाची एक नळी असते, तोच मॅनोमीटर. पंखा चालू असताना तिच्या दोन बाजूंत द्रवाची उंची वेगवेगळी दिसते. पहिल्या दिवशीच्या रेषेवर मार्करने खूण करा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दोन्ही बाजू समान झाल्या तर पंखा बंद पडलाय किंवा ब्रेकर उडालाय. फरक खूप वाढला तर मातीकडची वाट तुंबलीय. बहुधा झोळात पाणी किंवा खड्ड्यात पाणी चढलंय. फरक घटला तर कुठेतरी नवी गळती आहे, संपचं झाकण उघडं राहिलंय किंवा पंखा म्हातारा झालाय. महिन्यातून एकदा नजर टाका. मात्र नळीतला फरक म्हणजे रेडॉनचा आकडा नव्हे. पंखा जोरात ओढतोय, पण भलत्याच जागेतून, असंही होतं.

खरा निकाल टेस्टचाच. पंखा सुरू झाल्यावर निदान २४ तास थांबा आणि ३० दिवसांच्या आत शॉर्ट टर्म टेस्ट करा, पुन्हा त्याच बंद खिडक्यांच्या नियमाने आणि पंखा चालू ठेवून. ही टेस्ट काँट्रॅक्टरने नव्हे तर दुसऱ्याने केलेली, निदान तुम्ही स्वतः किट आणून लॅबला पाठवलेली असावी. काम उन्हाळ्यात झालं असेल तर त्या थंडीत एकदा पुन्हा मोजा, कारण घराची ओढ थंडीत सर्वांत जास्त असते. पुढे दर दोन वर्षांनी.

विजेचं गणितही करून ठेवा. ६० वॅटचा पंखा अखंड चालला तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट खातो; १८ सेंट दराने साधारण ९५ डॉलर. खडी असलेल्या घरात २० वॅटचा पंखाही पुरतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा पंखा लावणारा तुमच्यावर उपकार करत नाही. गरम केलेली हवाही तो जास्त बाहेर फेकतो.

काही वेगळी घरं

क्रॉल स्पेस असेल तर माती निदान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या प्लास्टिकने झाकतात, पट्ट्या एकमेकांवर फूटभर चढवून सांधे सील करतात आणि कडा भिंतीला चिकटवतात. ओढ त्या प्लास्टिकखालून. वर्षभराने हीटिंगवाला वायर ओढायला आत रांगतो आणि प्लास्टिक फाडतो, हे इथलं नेहमीचं दुखणं. तेव्हा त्याच्या मागोमाग एकदा टॉर्च घेऊन बघा.

टाउनहाऊसमध्ये बाहेरून पाईप नेण्याआधी एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला महिनाही लागू शकतो. क्लोजिंगची, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याची, तारीख ठरवताना हे धरा.

काही नव्या घरांत बिल्डरने आधीच पाईप घालून ठेवलेला असतो, पंख्याविना. ॲटिकमध्ये त्यावर लेबल दिसतं. आकडा जास्त आला तर त्याच पाईपवर पंखा चढवायचा, आणि खर्च बराच कमी होतो. फक्त पाईप खरंच स्लॅबखाली उतरतोय ना हे बघा. कधी कधी तो काँक्रीटच्या वरच संपलेला सापडतो.

घराला खासगी विहीर असेल तर पाण्यातूनही रेडॉन येतो: पाण्यात लिटरला १०,००० पिकोक्युरी असतील तर हवेत साधारण १ ची भर पडते. हवेतला आकडा दुरुस्तीनंतरही हट्टाने ३-४ वर अडला तर पाणी तपासा. त्यावरचा उपाय म्हणजे पाण्यात हवा घुसळून वायू बाहेर काढणारं यंत्र, किंवा कार्बनची टाकी. कार्बनमध्ये किरणोत्सारी कण साठत जातात, म्हणून टाकी कुठे ठेवायची आणि जुना कार्बन कोण नेणार हे आधीच ठरवून घ्या.

खिडक्या बदलल्या, नवी फर्नेस बसवली, बेसमेंट फिनिश केलं की घराची ओढ बदलते. तेव्हा पुन्हा मोजा. पंखा पाच वर्षांनंतर कधीही जाऊ शकतो. बदलताना त्याच ओढीचं मॉडेल घ्या, पुन्हा टेस्ट करा, आणि तो रिपोर्ट पहिल्या कोटेशनच्या फाइलमध्येच ठेवा. घर विकायची वेळ आली की पुढचा खरेदीदार हीच फाइल मागणार आहे.